कोरडं इरलं

लोणावळ्यात तुंगार्लीच्या वरच्या अंगाला एक बंगला आहे. पुढे व्हरांडा, मागे गोठ्यासारखी पडवी आणि पडवीवर पत्रा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे आमचं शूटिंग चाललं होतं. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की साउंडवाले हेडफोन गळ्यात टाकून बसून होते. धुकं खिडकीतून सरळ आत येत होतं. कॅमेऱ्याच्या लेन्सवर सारखं दव धरायचं आणि असिस्टंट दर पाच मिनिटांनी ती पुसायचा. दिवस गुरुवारचा होता, हे नक्की आठवतं. मालिकांच्या धंद्यात गुरुवार कुणी विसरत नाही, कारण टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात.

मालिका गुन्ह्याची होती. आठवड्यातून दोन रात्री, साडेदहाला. ठरले होते ५२ भाग. त्या गुरुवारपर्यंत सोळा प्रसारित झाले होते आणि चार शूट होऊन राखीव साठ्यात पडले होते. दुपारी चॅनलमधून ईपींना, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरना, फोन आला. ते व्हरांड्याच्या टोकाला गेले, दोन मिनिटं बोलले आणि परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. बाविसाव्या भागाला शेवट करायचा, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. माझ्या हातात आता दोन भाग उरले होते.

माझ्या कथेतला खून एका भावाचा होता. मावळातलं गाव, रस्त्याला लागून वडिलोपार्जित जमीन, मुंबईचं गिऱ्हाईक. भावाने बहिणीकडून हक्कसोड करून घेतलेली. सही घेताना तिला सांगितलं होतं की हा नुसता सातबाऱ्यावरच्या नोंदीचा कागद आहे. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती, भावाच्या घरची गुरं बघत होती, लावणीला जात होती. खून तिने केला होता. हे प्रेक्षकाला ४६व्या भागात कळायचं होतं आणि त्याचा पुरावा मी चौथ्या भागातच ठेवून दिला होता. खुनाच्या रात्री मुसळधार पाऊस. ती म्हणते, मी गोठ्यातून खाचरावर बांध बघायला गेले होते. आणि तिच्या मागे, पडवीतल्या खुंटीवर, इरलं टांगलेलं असतं. कोरडं. त्यावर क्लोजअप नाही, कुणी त्याबद्दल बोलत नाही. फ्रेमच्या कडेला फक्त ते दिसतं.

४२ भाग मला हवे होते ते त्या इरल्यासाठी नव्हे. ‘कोणी मारलं’ हे एका प्रसंगात सांगता येतं. ‘का मारलं’ याला वेळ लागतो. हक्कसोड म्हणजे काय, महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिल्यावरही किती बहिणी रक्षाबंधनाचं नातं तुटू नये म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा देऊन येतात, एक्स्प्रेस वे झाल्यावर या तालुक्यात गुंठ्याचा भाव कसा चढला आणि त्यानंतर सख्ख्या भावंडांचं जेवण एका पंगतीला कसं थांबलं, हे सगळं त्या बाईच्या हाताने खून होण्याआधी प्रेक्षकाच्या अंगात मुरायला हवं होतं. ते मुरलं नसतं तर ती नुसती खुनी ठरली असती.

दोन भागांत ते शक्य नव्हतं. त्यातच बहीण करणाऱ्या अभिनेत्रीच्या तारखा संपत होत्या, तिला दुसरी डेली सोप मिळाली होती. तारखा कोणाच्या आहेत, एवढंच पाहून आम्ही भावाच्या ड्रायव्हरला खुनी केलं. बावीस वर्षांचा, गरीब घरचा, मालकावर जीव असलेला पोरगा. त्याला मी निर्दोष म्हणून घडवलं होतं. त्याने शेवटच्या भागात चार ओळींत कबुलीजबाब दिला, जीपमध्ये बसला आणि मालिका संपली. ती गोष्ट आजही माझ्या मनाला लागून आहे.

तेव्हापासून हा प्रश्न मी सोडलेला नाही. गुन्ह्याच्या मालिका अर्ध्यावर का बंद पडतात? लोकांना आवडत नाहीत म्हणून, हे उत्तर मला कधीच पटलं नाही. मराठी माणसाला रहस्यकथेचं वेड नाही असं कोण म्हणेल? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचनालयांत फाटेपर्यंत फिरल्या. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, भयकथेच्या अंगाने नारायण धारप, यांच्या पुस्तकांसाठी नंबर लागायचे. अर्नाळकरांचा झुंजार, धनंजय किंवा काळापहाड दर पुस्तकात परत यायचा, पण प्रकरण त्या पुस्तकातच मिटायचं. एका बैठकीत वाचून संपेल एवढीच गोष्ट असायची. नायक चालू आणि गुन्हा संपलेला, हा साचा आपल्याकडे दूरदर्शन यायच्या कितीतरी आधी मुरलेला होता.

मुंबई दूरदर्शन १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याच्या बाजूला दिसू लागलं. त्यानंतर प्रायोजित मालिकांचा काळ आला. तेरा भागांची मंजुरी, चांगली चालली तर आणखी तेरा. आज ती पद्धत कुणाला सरकारी वाटेल. लेखकाच्या बाजूने पाहिलं तर तिच्यात एक मोठी सोय होती: शेवट कधी आहे हे पहिल्या दिवशी माहीत असायचं. तेरा म्हणजे तेरा. पंकज पराशर यांची ‘करमचंद’ किंवा बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ यांना जो घाट आहे तो त्या हिशेबातूनच आला. मराठीत ‘एक शून्य शून्य’ आली, पोलिसांच्या प्रकरणांवर बेतलेली. रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आली. आमच्या घरी ती लागली की वडील वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे, एवढा मान बातम्यांनंतर तिलाच होता.

‘एक शून्य शून्य’च्या मागे बी. पी. सिंग होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, मुंबई दूरदर्शनला बातम्यांचे कॅमेरामन म्हणून काम केलेले. बातमीच्या कॅमेरामनला घटनास्थळ माहीत असतं. लोक कुठे उभे राहतात, पोलिस आधी काय बघतात, नातेवाईक कुठल्या क्षणी रडायचं थांबतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘एक शून्य शून्य’मध्ये शिवाजी साटमही होते. बँकेत नोकरी केलेला, आंतरबँक नाट्यस्पर्धांतून पुढे आलेला हा नट. याच दोघांची ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ला सोनी वाहिनीवर सुरू झाली. ती २७ ऑक्टोबर २०१८पर्यंत चालली. १५४७ भाग.

अकाली बंद पडणाऱ्या मालिकांच्या लेखात वीस वर्षं चाललेल्या मालिकेबद्दल इतकं लिहायचं कारण असं की, बाकीच्या का मेल्या याचं उत्तर ही का जगली यात आहे. आणि दुसरं कारण लोणावळ्याचं आहे.

८ ऑक्टोबर २००४. नवरात्रीच्या आसपासचे दिवस. मावळात तेव्हा पाऊस नुकताच मागे हटलेला असतो, डोंगरावर सोनकी पिवळी झालेली असते, हवा धुतलेली असते आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत उजेड जातो. त्या दिवशी लोणावळ्यात ‘सीआयडी’चा ‘द इनहेरिटन्स’ हा भाग चित्रित झाला. १११ मिनिटं, एका शॉटमध्ये. कॅमेरा एकदा सुरू झाला तो शेवटीच बंद झाला, मध्ये एकही कट नाही. ७ नोव्हेंबरला तो दाखवला गेला आणि त्याची नोंद गिनेस व लिम्का या दोन्ही विक्रमपुस्तकांत झाली.

पुणे-लोणावळा लोकलला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. त्याहून जास्त वेळ एक कॅमेरा सलग माणसांच्या मागे फिरला. सेटवर काम केलेल्यांना यातली जोखीम अंगावर येते. एरवी आम्ही तीस सेकंद, एक मिनिट, फार तर तीन मिनिटांचे तुकडे घेतो. नट चुकला, पुन्हा. बूमची सावली भिंतीवर आली, पुन्हा. गाडीचा हॉर्न आला, पुन्हा. इथे ‘पुन्हा’ नाहीच. १०९व्या मिनिटाला कुणाचा पाय वायरीत अडकला तर पहिल्या मिनिटापासून सगळं परत, आणि तेही उजेड असला तर. दोनच वर्षं आधी, २००२ साली, अलेक्झांडर सोकुरोव यांनी ‘रशियन आर्क’ हा अख्खा चित्रपट एका शॉटमध्ये केला होता आणि जगभर त्याची वाहवा झाली होती. लोणावळ्यात तेच धाडस टीव्हीच्या एका गुन्हेमालिकेने केलं. आपल्याकडे त्याची आठवण सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरती उरली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या गावात चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या आहेत, भुशी धरणाकडे जायचे बाण आहेत. त्या १११ मिनिटांचा कुठे उल्लेख नाही.

हे धाडस परवडलं कारण मालिकेला त्या वेळी सहा वर्षं झाली होती आणि पाय रोवलेले होते. ते रोवले गेले अर्नाळकरी साच्यावर. एसीपी तोच, दया तोच, अभिजीत तोच, डॉक्टर साळुंखे तेच आणि गुन्हा त्या आठवड्याचा त्या आठवड्यात किंवा फार तर पुढच्या एकदोन भागांत मिटणारा. पाच आठवडे मालिका चुकलेला माणूस सहाव्या आठवड्यात येऊन बसला तरी त्याला काही विचारावं लागत नव्हतं.

हे किती महत्त्वाचं होतं ते मला माझ्या आत्याच्या घरी कळलं. आत्या कामशेतची. त्या वर्षांत गावागावांत भारनियमनाची वेळापत्रकं असायची, आणि वेळापत्रकाबाहेरही वीज जायची ती वेगळीच. एका रात्री ‘सीआयडी’ बघता बघता, साळुंखे काहीतरी सांगायला तोंड उघडतात तेवढ्यात लाइट गेली. घरात अंधार आणि कुणी जागचं हलेना. आत्याचा थोरला मुलगा तळेगावला राहायचा, तिकडे वीज होती. आत्याने काडी ओढून कंदील लावला, कंदिलाच्या उजेडात फोनच्या डायरीतला नंबर काढला आणि लँडलाइनवरून त्याला विचारलं, कोण होता रे? त्याने सांगितलं. मग सगळे झोपायला गेले. सासू-सुनेच्या मालिकेसाठी असा फोन तिने कधी केला नाही. तिथे अर्धा भाग बुडाला तरी उद्याच्या भागात तो परत सांगतात, परवाच्या भागात त्यावर रडतात आणि शनिवारी महाएपिसोडमध्ये सगळं मिळून दाखवतात.

एक सलग गुन्हा महिनोन् महिने सांगणारी मालिका इथे अडचणीत येते. ती माणसाला म्हणते, लक्ष दे, काही सोडू नकोस, खुंटीवरचं इरलंसुद्धा बघ. संध्याकाळचा टीव्ही घराघरांत असतो तो भाकरी थापताना, पोरांचा अभ्यास घेताना, भाजी निवडताना कानावर पडायला. डोळा लावून बघायला सवड असलेला माणूस त्या वेळी घरात क्वचित असतो. त्यामुळे गुन्ह्याला चॅनल रात्री साडेदहाचा स्लॉट देतं. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली साडेदहालाच लागायची. तिच्या जागी आदिनाथ कोठारे आणि तेजस्विनी पंडित यांची ‘१०० डेज’ आली ती त्याच वेळेला. पुढे ‘देवमाणूस’ही तिथेच.

साडेदहाला मावळात कोण जागं असतं ते मी बघून आले आहे. पवनानगरच्या बाजूच्या गावांत दूध घालायला पहाटे उठणारं घर साडेनऊला निजलेलं असतं. लावणीच्या दिवसांत तर त्याहून लवकर, कंबर आडवी होण्याची वाट बघत. तळेगाव आणि चाकणच्या कंपन्यांत दुसऱ्या पाळीला असलेला माणूस अजून बसमध्ये असतो, पहिल्या पाळीचा झोपलेला असतो. उरतात परीक्षेला बसलेली पोरं, झोप न येणारी म्हातारी माणसं आणि मोबाइल. त्यांच्यातून जो आकडा येतो त्याची तुलना मग संध्याकाळी सातच्या मालिकेशी होते, आणि गुरुवारी फोन वाजतो.

तो आकडा येतो कसा? २०१५पासून देशातली मोजणी ‘बार्क’ ही संस्था करते. देशभरात ५० हजारांहून अधिक घरांत मीटर आहेत. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. ही घरं कोणती ते गुपित असतं. आकडे फुगवल्याचा आरोप ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी केला तेव्हा त्या गुपिताची किंमत सगळ्यांना कळली. माझं म्हणणं मोजणी खोटी आहे असं नाही. मोजलं जातं ते टीव्हीसमोर कोण किती मिनिटं बसलं, एवढंच. श्वास रोखून बसलेला माणूस आणि मटार सोलत बसलेला माणूस मीटरला सारखेच. गुन्ह्याच्या कथेची सगळी कमाई त्या रोखलेल्या श्वासात असते आणि त्याला मीटरमध्ये बटण नाही.

ऑक्टोबर २०१५पासून ग्रामीण भागाचे आकडेही येऊ लागले आणि मराठी मालिकांचं बूड हललं. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडे गेली, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे. गुन्हाही पाठोपाठ गावात आला. २०२०च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ वाईच्या एका तोतया डॉक्टरच्या प्रकरणावर बेतलेली होती, जे २०१६ साली उघडकीला आलं. ती चालली, जोरात चालली आणि पुन्हा पुन्हा नव्या पर्वात परत आली. मी ती बारकाईने पाहिली. तिचं यश किरण गायकवाडच्या थंड डोळ्यांत जेवढं आहे तेवढंच सरू आजीच्या शिव्याशापांत आहे. ओटा, चूल, शेजारीण, आजी हे सगळं कौटुंबिक मालिकेचं घर जसंच्या तसं ठेवून त्यात खुनी आणून बसवला. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणजे रहस्य उलगडायचं नव्हतंच, तो कधी सापडतो एवढीच वाट बघायची होती, आणि वाट कितीही लांबवता येते. मला स्वतःला तिचं लांबणं शेवटी जाचक झालं. पण चॅनलच्या बाजूने तिने कोडं सोडवलं होतं, हे मान्य करायला हवं.

त्याच्या दुसऱ्या टोकाला ‘रुद्रम’ आहे. २०१७ साली झी युवावर. गिरीश जोशींचं लेखन, भीमराव मुडे यांचं दिग्दर्शन आणि रागिणीच्या भूमिकेत मुक्ता बर्वे. ती काही महिन्यांत संपली, आणि ती संपली याचा मला आजही आनंद आहे, कारण ती ठरवून संपवली होती. रागिणीचा सूड जिथे पुरा व्हायचा तिथे झाला. लोक अजून तिच्याबद्दल बोलतात. ‘लक्ष्य’ने स्टार प्रवाहवर २०११पासून पाच वर्षं काढली, तीही युनिट आठची माणसं कायम ठेवून प्रकरणं बदलत. ‘अस्मिता’चंही तसंच. म्हणजे जगण्याच्या वाटा दोनच दिसतात, एक तर दर आठवड्याला गुन्हा मिटवा, नाहीतर किती भागांत मिटवणार ते आधी ठरवा आणि तेवढे भाग मिळतील अशी हमी घ्या. मधली वाट, म्हणजे सलग गुन्हा आणि उघडा शेवट, तिथे बळी जातात. माझी मालिका त्याच वाटेवर होती.

पैशाचा हिशेबही सांगायला हवा. कौटुंबिक मालिकेचा दिवाणखाना एकदा उभा केला की त्यात पाचशे भाग होतात. साड्या बदलतात, भिंती त्याच. गुन्ह्याला दर प्रकरणात नवं घर, नवं कुटुंब, नवी गाडी, नवा मृतदेह. युनिट घाट चढून लोणावळ्यात आणायचं म्हणजे बस, जनरेटर व्हॅन, राहायच्या खोल्या, जेवण, आणि पावसाने दिवस वाया गेला तरी सगळ्यांचा दिवस मोजायचाच. डेली सोपचं युनिट दिवसाला बारा-पंधरा सीन काढतं. आमचे त्या बंगल्यात चांगल्या दिवशी सहा व्हायचे. वर जाहिराती. नियमाने तासाला बारा मिनिटांच्या वर जाहिराती दाखवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक मिनिट महाग विकलं जायला हवं. मसाले, साबण, दागिने विकणाऱ्याला आपली जाहिरात पोस्टमॉर्टेमच्या टेबलानंतर नको असते. हे मला एका बैठकीत अगदी सभ्य शब्दांत समजावलं गेलं होतं. मग कोविड आला. मार्च २०२०मध्ये शूटिंग थांबलं, एप्रिल २०२१मध्ये राज्यात ते पुन्हा बंद झालं आणि युनिट्स गोवा, सिल्वासा, हैदराबादकडे पळाली. एका घरात राहून शूट करता येणाऱ्या मालिका तगल्या. रस्त्यावर फिरणारा तपास तिथे कसा करणार?

परदेशातही हेच होतं, फक्त रक्कम मोठी. अमेरिकेत १९८१ साली ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ सुरू झाली तेव्हा पहिल्या सीझनला ती रेटिंगच्या तळाशी होती. वाहिनीने तरी दुसरा सीझन दिला. त्याच वर्षी तिला आठ एमी मिळाले आणि ती १९८७पर्यंत चालली. ‘माइंडहंटर’ला ते नशीब मिळालं नाही. ती स्ट्रीमिंगवर होती, प्रेक्षक होते, नाव होतं. पण दोन सीझननंतर दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी सांगितलं की खर्चाच्या मानाने प्रेक्षक पुरत नाहीत. आपल्याकडे ‘पावडर’ २०१० साली २६ भागांत आटोपली. अमली पदार्थांच्या तपासावरची इतकी संयत हिंदी मालिका टीव्हीवर त्याआधी मी पाहिली नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट मला हिशेबाहून जास्त छळते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी तळेगाव दाभाडेत माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींचे व्यवहार त्यांनी कागद मागून उघडे पाडले होते. तपास पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. २०१४ साली तपास बंद करण्याचा अहवाल दिला गेला, पुढे तपास पुन्हा उघडला गेला. आमच्या तालुक्यातला प्रत्येक जाणता माणूस ही तारीख ओळखतो. मालिकेसाठी प्रकरण निवडताना चॅनलचा पहिला प्रश्न असतो, निकाल लागलाय का? न लागलेल्या प्रकरणाला कायदा विभाग हात लावू देत नाही, आणि त्यांची बाजूही चुकीची नाही. परिणाम असा होतो की जे गुन्हे आपण खरंच समजून घ्यायला हवेत, ज्यांचं ‘का’ जमिनीत, कचेरीत, पैशात पसरलेलं आहे, ते टीव्हीवर येतच नाहीत. येतात ते मिटलेले. आणि मिटलेल्यांतून एखादी कथा त्या ‘का’पर्यंत पोचू पाहते, तेव्हा बाविसाव्या भागाचा फोन येतो.

गेल्या पावसाळ्यात तुंगार्लीला परत गेले. काम नव्हतं, लोणावळ्यात एका लग्नाला आले होते आणि पाय तिकडे वळले. बंगला बंद होता. रखवालदार मामा तेच, कुरवंड्याकडचे, आता केस पूर्ण पांढरे. शूटिंगच्या दिवसांत ते रोज संध्याकाळी मॉनिटरच्या मागे उभे राहून बघायचे आणि कधी काही बोलायचे नाहीत. मला त्यांनी ओळखलं. पडवीत खुर्ची दिली, चहा टाकला. पत्र्यावर तसाच पाऊस. खुंटी तिथेच होती, तिच्यावर प्लास्टिकचा कागद लावलेलं त्यांचं स्वतःचं इरलं टांगलं होतं आणि त्याच्या टोकातून खालच्या फरशीवर पाणी ठिबकत होतं.

चहाचा कप हातात देताना ते म्हणाले, “ताई, एक इचारू? त्या ड्रायव्हर पोरानं नव्हता ना केलता खून?”

मी मान हलवली.

“मला म्हाईत होतं,” ते म्हणाले. “इरलं कोरडं होतं बाईचं. एवढ्या पावसात खाचरावर जाऊन आलेल्या माणसाचं इरलं कोरडं कसं असंल? मी घरी सांगितलं तवा कुणी ऐकंना. म्हणलं, पुढं दाखवत्याल. मग ती संपलीच.”

ते समोर उकिडवे बसले. शेजारच्या गोठ्यात म्हैस रेकली, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“पन तिनं का मारला असंल वो त्याला?”

मी कप खाली ठेवला आणि हक्कसोडीच्या कागदापासून सांगायला सुरुवात केली.